ऐनावरचा कडक कोष : टसर पतंगाचे वर्गीकरण आणि जीवनचक्र

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. गगनबावड्याच्या बाजूला एका शेताच्या बांधावरील ऐनाच्या झाडाला, पानगळ सुरू झालेल्या फांदीवर, देठाने लोंबकळणारी, कोंबडीच्या अंड्याहून थोडी लहान, राखाडी आणि लाकडासारखी टणक अशी एक वस्तू फेब्रुवारीच्या अखेरीस सापडली. ती कोल्हापुरात घरी आणून काचेच्या बरणीत ठेवली आहे आणि हलवली की आत काहीतरी जड आपटल्यासारखे जाणवते. शेजारच्या गृहस्थांनी ती रेशीमकिड्याची असल्याचे सांगून गरम पाण्यात टाकून धागा काढण्याचा सल्ला दिला, तर घरातील मुलांनी मोबाइलवर चित्रे पाहून तिला ‘ॲटलास पतंग’ ठरवले. आता हा प्राणी नेमका कोणता, त्याची दोन वेगवेगळी शास्त्रीय नावे का आढळतात, तो बाहेर कधी येईल आणि आल्यावर त्याला तुतीची पाने द्यावीत का, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे.

सर्वांत तातडीचे आधी सांगतो. ही वस्तू टसर पतंगाचा कोष आहे आणि हलवल्यावर जड आपटल्याचा जो आवाज येतो, त्याअर्थी आतला जीव जिवंत असण्याची शक्यता मोठी आहे. मेलेला किंवा वाळलेला असता तर सुक्या शेंगेतल्या बीसारखा हलका खडखडाट झाला असता. विदर्भात कोसा, म्हणजेच टसर, पाळणारे लोक बियाण्याचे कोष निवडताना कानाजवळ धरून असाच हलवून पाहतात. कोष गरम पाण्यात टाकू नये, बरणीचे झाकण आजच काढावे आणि तो वारंवार हलवूही नये. बरणी घरात नेमकी कुठे ठेवली आहे, हेही महत्त्वाचे आहे. त्याची चर्चा पुढे ओघाने येईल.

ओळख पटवण्यासाठी आपण पाठवलेल्या छायाचित्रातील एकच खूण मला पुरेशी वाटली, ती म्हणजे देठ. हा देठ झाडाचा नाही. तो अळीने स्वतःच्या रेशमाने घडवला आहे आणि त्याच्या वरच्या टोकाला फांदीभोवती घट्ट बसलेले रेशमाचेच एक कडे आहे. आपल्या भागात आढळणाऱ्या दुसऱ्या मोठ्या पतंगांच्या कोषांना इतका टणक गोळा आणि असे कडे नसते. सह्याद्रीत ज्याला आपण ॲटलास म्हणतो, तो ॲटॅकस टॅप्रोबॅनिस, पानाच्या घडीत मऊ, कागदी आणि एका टोकाला वाट राखलेला कोष विणतो. फिकट हिरव्या रंगाचा, लांब शेपट्यांचा चंद्रपतंग, म्हणजे ॲक्टियस सेलेने, पानांमध्ये पातळ तपकिरी कोष करतो. कोकणात काजूवर आणि आंब्यावर पुंजक्याने दिसणारे सोनेरी जाळीदार कोष क्रिक्युला या तिसऱ्याच पतंगाचे असतात. तेव्हा मुलांचा अंदाज अगदीच वाया गेलेला नाही. त्यांनी कुल बरोबर ओळखले, घर मात्र चुकले.

आता वर्गीकरण. पाठ्यपुस्तकातील क्रमाने सांगायचे तर संघ संधिपाद, वर्ग कीटक, गण लेपिडॉप्टेरा म्हणजे पंखांवर खवले असणारे कीटक. त्यात बॉम्बिकॉइडिया हे महाकुल, सॅटर्निइडी हे कुल, अँथेरिया ही प्रजाती (जवळच्या जातींचा गट) आणि मायलिटा ही जाती. तुतीवरचा पाळीव रेशीमकीटक बॉम्बिक्स मोरी हाही याच महाकुलात आहे, परंतु त्याचे कुल बॉम्बिसिडी असे वेगळे आहे. दोघेही रेशीम देतात म्हणून त्यांना सख्खे भाऊ समजण्याची चूक सर्रास आढळते. नाते आहे ते फार तर चुलत म्हणता येईल. सॅटर्निइडी म्हटले की काही गोष्टी गृहीत धरता येतात: पतंग मोठा, प्रत्येक पंखावर डोळ्यासारखा ठिपका, नराच्या मिशा पिसासारख्या रुंद, तोंडाचे अवयव निकामी. टसरच्या पंखावरील डोळ्याचा मध्य तर चक्क पारदर्शक असतो. मेलेला पतंग वर्तमानपत्रावर ठेवला तर त्या खिडकीतून अक्षरे दिसतात.

या कुलात आणि त्याच्या शेजारी किती अंतर पडले आहे, हे गुणसूत्रांवरूनही कळते. टसरच्या बीजपेशीत ३१ गुणसूत्रे असतात, जपानच्या यामामाई या अँथेरियातही ३१, आसामच्या ‘मुगा’ रेशमाच्या पतंगात मात्र १५ आणि चीनच्या ओक टसरमध्ये ४९. ही चारही एकाच प्रजातीची भावंडे आहेत, तरी आकडे असे विखुरलेले आहेत. तुतीच्या रेशीमकीटकात २८ आणि एरंडावरच्या एरी पतंगात १४ गुणसूत्रे असतात. रेशमाची घडणही वेगळी आहे. तुतीच्या रेशमातील मुख्य प्रथिनात ग्लायसिन आणि ॲलानिन ही अमिनो आम्ले आलटून पालटून येतात, तर टसरच्या प्रथिनात ॲलानिनच्या सलग लांब माळा असतात. शिवाय तुतीच्या रेशमात मोठ्या रेणूला जोडलेले जे दोन लहान साथीदार सापडतात, ते टसरमध्ये नाहीतच. टसरचे कापड हाताला किंचित खरबरीत आणि रंग घेण्यात हट्टी का असते, याचे थोडे उत्तर इथे आहे.

दोन नावांचा घोळ जुना आहे. लिनिअसने १७५८ मध्ये पाफिया हे नाव दिले आणि लंडनमधील एक चांदीकाम करणारे संग्राहक ड्रू ड्रूरी यांनी १७७३ मध्ये मायलिटा हे नाव दिले. प्राणिनामकरणाच्या नियमानुसार दोन्ही नावे एकाच जातीची ठरली तर जुने नाव टिकते आणि नवे बाद होते. त्यामुळे जे अभ्यासक दोन्ही पतंग एकच मानतात, ते भारतीय टसरला सरसकट पाफिया म्हणतात आणि इंग्रजी अमदानीतील बऱ्याच लिखाणात तेच नाव आढळते. दुसरा पक्ष मध्य आणि उत्तर भारतातील टसरसाठी मायलिटा वापरतो आणि पाफिया हे नाव दक्षिण भारत व श्रीलंकेतील पतंगांपुरते राखून ठेवतो. रेशीम खात्याची कागदपत्रे आणि संशोधन केंद्रे यांत मायलिटाच रूढ आहे, म्हणून मीही या उत्तरात तेच वापरले आहे. मात्र आपला कोष सह्याद्रीच्या कुशीतला असल्याने, एखाद्या संग्रहालयाच्या चिठ्ठीवर नाव लिहायचे झाल्यास मी ‘अँथेरिया मायलिटा–पाफिया गट’ एवढेच लिहीन आणि खाली गावाचे नाव, झाडाचे नाव व तारीख न विसरता टाकीन. नाव पुढे बदलले तरी या तीन गोष्टी बदलत नाहीत.

जातीच्या खालचा एक स्तरही टसरच्या बाबतीत दुर्लक्षून चालत नाही. झारखंडच्या सिंहभूम भागातील दाबा, बस्तरमधील रैली, ओडिशातील मोदल, आपल्या विदर्भातील भंडारा, असे त्याचे अनेक स्थानिक वाण आहेत. एका वाणाचा कोष मोठा आणि काळसर, दुसऱ्याचा लहान आणि पिवळट. कुणी वर्षातून एकदाच पिढी करतो, कुणी दोनदा, कुणी तीनदा. कुणी ऐन पसंत करतो तर कुणी साल. पुस्तकात ‘टसरचे जीवनचक्र इतक्या दिवसांचे’ असे छापलेले असते तेव्हा ते कोणत्या वाणाचे आणि कोणत्या हंगामातले, हे पाहिल्याशिवाय त्या आकड्याला फारसा अर्थ नसतो.

जीवनचक्र बहुधा अंड्यापासून सांगण्याची पद्धत आहे, पण आपल्या हातात कोष आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू. इथे मराठीची एक अडचण आहे. आपण ‘कोष’ हा शब्द बाहेरच्या रेशमी आवरणालाही वापरतो आणि ‘कोषावस्था’ म्हणताना आतल्या जीवालाही. पुढील मजकुरात कोष म्हणजे आवरण आणि प्यूपा म्हणजे आतला जीव, असा भेद मी पाळला आहे. आपल्या बरणीतील प्यूपा हा गेल्या पावसाळ्याच्या शेवटी किंवा हिवाळ्याच्या तोंडावर वाढलेल्या अळीचा आहे. ती अळी पाने खात होती तेव्हा दिवस लहान होत चालले होते. या खुणेवरून तिच्या शरीराने पुढचा हंगाम पानगळीचा आहे हे ओळखले आणि प्यूपा होताच वाढ थांबवली. ही सुप्तावस्था सहा महिने किंवा त्याहूनही अधिक टिकते. या काळात प्यूपा काही खात नाही, पीत नाही, अळीने साठवलेल्या चरबीवर अगदी मंद गतीने जगतो. ऐनाला चैत्र-वैशाखात नवी पालवी फुटते, पण कोवळी पाने पोटभर व्हायला आणि हवेत दमटपणा यायला जून उजाडतो. प्यूपाही साधारण तोच मुहूर्त गाठतो.

हा मुहूर्त त्याला बंद कोषातून कसा कळतो, यावर हार्वर्डचे कॅरोल विल्यम्स आणि त्यांचे सहकारी ॲडकिसन यांनी १९६४ मध्ये चिनी ओक टसरवर फार सुंदर काम प्रसिद्ध केले. त्या प्यूपाच्या डोक्यावर, बरोबर मेंदूच्या समोर, कवचाचा एक छोटा भाग पारदर्शक असतो. कोषातून झिरपणारा मंद उजेड त्या खिडकीतून थेट मेंदूवर पडतो आणि दिवस लांब झाला की मेंदू जागा होऊन वाढीचे संप्रेरक चक्र सुरू करतो. आपल्या टसरमध्ये दिवसाच्या लांबीबरोबर उष्णता आणि दमटपणा यांचाही मोठा वाटा असतो. बरणी कुठे ठेवली आहे, हे महत्त्वाचे असल्याचे मी वर म्हटले ते यासाठी. दिवाणखान्यात रात्री अकरापर्यंत ट्यूबलाइट जळत असेल, तर त्या प्यूपाच्या लेखी मार्चमध्येच दिवस मोठा झालेला असू शकतो.

अवेळी जाग येणे ही टसर बियाणे तयार करणाऱ्यांची जुनी डोकेदुखी आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी सुमारे ४० कोष राजारामपुरीतील भाड्याच्या खोलीत, पत्र्याच्या छपराखाली, टोपलीत टांगून ठेवले होते. एप्रिलमध्ये एका वळवाच्या पावसानंतर तीन नर बाहेर पडले, दोन आठवड्यांनी एक मादी आली आणि ती येईपर्यंत तिघेही मरून गेले होते. उरलेल्यांतील निम्मे जूनमध्ये नीट बाहेर पडले, पण त्या मादीची अंडी वाया गेली. तापलेले छप्पर आणि एकच मुसळधार सर, एवढ्यावर त्यांनी पावसाळा आला असे मानले. चूक माझी होती.

बाहेर येण्याचा प्रसंग संध्याकाळी उन्हे उतरल्यानंतर घडतो. पतंगाला दात नाहीत आणि कोषाला भोकही नाही, तरी तो बाहेर पडतो, कारण तो देठाच्या बाजूला तोंडावाटे एक द्रव सोडतो. त्यातील विकराला (एन्झाइमला), संशोधक काफाटोस आणि वर उल्लेखलेले विल्यम्स यांनी १९६४ मध्येच अँथेरियाच्या पतंगांवर अभ्यास करून ‘कोकुनेज’ हे नाव दिले. हा विकर रेशमाच्या धाग्याला धक्का न लावता धाग्यांना चिकटवणारा सेरिसिन तेवढा विरघळवतो आणि मग पतंग ओले, सैल झालेले धागे डोक्याने बाजूला सारत बाहेर येतो. धागे कुरतडले जातात ही समजूत चुकीची आहे. ते विस्कटतात आणि गुंततात, त्यामुळे अखंड धागा उलगडणे अवघड होते व अशा कोषांपासून कातून सूत काढतात. बाहेर आलेला पतंग ओल्या चिंधीसारखा दिसतो. त्याला उभ्या खडबडीत आधारावर चढून पंख खाली लोंबू द्यावे लागतात. गुळगुळीत काचेच्या बरणीत त्याचे पाय घसरतात, पंख दुमडलेल्या अवस्थेतच वाळतात आणि तो जन्मभर पांगळा राहतो. जन्म आठवडाभराचाच असला तरी त्याच्यासाठी तेवढाच आहे.

नर आकाराने लहान, बहुधा विटकरी किंवा तपकिरी. मादी मोठी, पोटाने भरदार आणि बरेचदा पिवळट किंवा राखाडी. दोघेही काही खात नाहीत. मादी पहिल्या रात्री जागची फारशी हलत नाही. ती शरीराच्या टोकाकडील ग्रंथीतून गंध सोडते आणि नर त्या गंधाच्या दिशेने उडत येतो. कीटकांच्या अशा गंधाची रासायनिक ओळख जगात प्रथम पटली ती १९५९ मध्ये, जर्मनीत ॲडॉल्फ ब्यूटेनांट यांनी तुतीच्या रेशीमकीटकाच्या सुमारे पाच लाख माद्यांपासून ‘बॉम्बिकॉल’ वेगळे केले तेव्हा. टसरचा गंध निराळ्या संयुगांचा आहे, पण यंत्रणा तीच. मीलन रात्रभर चालते आणि जोडी सकाळीही एकत्र लटकलेली दिसते. तिला ओढून वेगळे करू नये.

मादी पुढील तीन-चार रात्रींत साधारण दीडशे ते अडीचशे अंडी घालते. अंडे दिसायला मोठ्या मोहरीएवढे, किंचित चपटे, कडेने दोन गडद तपकिरी पट्टे असलेले असते. व्यावसायिक केंद्रात अंडी घातल्यावर मादीचे शरीर वाटून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात, कारण पेब्रिन या रोगाचे बीजाणू आईकडून अंड्यांत उतरतात. एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात लुई पाश्चर यांनी फ्रान्समधील रेशीम उद्योग वाचवण्यासाठी ही तपासणी रूढ केली आणि आजही ‘रोगमुक्त अंडीपुंज’ म्हणतात ते याच पद्धतीने निवडलेले असतात. घरच्या एका मादीसाठी हा खटाटोप करण्याचे कारण नाही.

आठ ते दहा दिवसांत अंड्यातून अळी निघते. ती सुरुवातीला मळकट पिवळी आणि काळ्या डोक्याची असते, लवकरच हिरवी होते आणि इतकी पानाच्या रंगाची होते की फांदीवर ती शोधताना खाली पडलेल्या लेंड्यांवरून माग काढावा लागतो. चार वेळा कात टाकून ती पाच अवस्था पार करते. पावसाळी हंगामात यासाठी महिना-सव्वा महिना पुरतो, थंडीत मात्र हेच काम दीड-दोन महिने रेंगाळते. अंड्यातून निघताना काही मिलिग्रॅम असलेली अळी शेवटी बोटापेक्षा जाड, दहा-बारा सेंटिमीटर लांब आणि चाळीस ग्रॅमच्या आसपास भरते. आयुष्यात खाल्लेल्या एकूण पाल्याचा फार मोठा वाटा ती शेवटच्या, पाचव्या अवस्थेतच फस्त करते. तिच्या अंगावर कुशीला चांदीसारखे चकाकणारे ठिपके असतात. त्यांचा उपयोग काय यावर अनेक तर्क आहेत. दवाच्या थेंबांत ते मिसळून जातात, एवढे मी स्वतः अनेकदा पाहिले आहे.

शत्रू पुष्कळ आहेत: उझी माशी अळीच्या अंगावर अंडी घालते, सोंडेने रस शोषणारे ढेकूण, मुंग्या, पक्षी आणि विषाणूंचे रोग आहेतच. विदर्भातील ढीवर समाजातले कोसा पाळणारे लोक म्हणूनच सबंध हंगाम झाडाखाली राखण करतात.

कोष विणण्याची रीत या जीवनचक्रातला मला सर्वांत विलक्षण वाटणारा भाग आहे. खाणे थांबवल्यावर अळी दोन-तीन पाने धाग्याने जवळ ओढून एक झोळी करते. मग ती झोळीतून अर्धी बाहेर येऊन फांदीपर्यंत जाते, फांदीला वेढा देते, परत येते, पुन्हा जाते आणि अशा असंख्य फेऱ्यांतून ते कडे आणि तो देठ तयार होतो. कारण उघड आहे: ऐन पानगळी आहे. नुसत्या पानाला बांधलेला कोष पानाबरोबर जमिनीवर पडेल आणि उंदीर, मुंग्या, वणवा यांपैकी कुणाच्या तरी वाट्याला जाईल. फांदीला बांधलेला कोष पाने गळाल्यावरही लटकत राहतो. देठ पुरा झाल्यावर अळी आत शिरून कोष बंद करते आणि शेवटी शरीरातून कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक असलेला द्रव सोडून आतून सगळे भिजवते. तो वाळला की कोष लाकडासारखा टणक होतो. सगळे मिळून आठवडाभराचे काम. टसरचा कोष साध्या गरम पाण्यात उलगडत नाही तो या कठीणपणामुळेच, तो क्षार घालून उकळावा लागतो. शेजारच्या गृहस्थांचा सल्ला मानला असता तर धागाही मिळाला नसता आणि जीवही गेला असता.

तुतीच्या प्रश्नाचे उत्तर आता सोपे आहे. आपल्या उसाच्या जिल्ह्यातही काही शेतकरी तुती लावतात, त्यामुळे पाला सहज मिळेल, पण तो टसरच्या उपयोगाचा नाही. पतंगाला तर काहीच द्यायचे नाही, साखरपाणीसुद्धा नाही. अळ्या झाल्याच तर त्यांना ऐन किंवा अर्जुन लागतो; बोर, तामण, बोंडारा यांवरही त्या वाढलेल्या आढळतात. आणि त्या घरात डब्यात वाढत नाहीत. तुतीचा कीटक हजारो वर्षांच्या पाळण्याने चंद्रिकेवर (कोष विणण्यासाठी ठेवलेल्या बांबूच्या चटईवर) निमूट बसणारा, न उडणारा झाला आहे. टसर अजून रानातलाच आहे, त्याला फांदी, वारा आणि पाऊस लागतो.

तेव्हा आता असे करावे. कोष देठासह एका काटकीला बांधून, बांबूच्या झाकणाच्या टोपलीत, उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या सज्जात सावलीला टांगावा. रात्रीचा दिवा त्यावर पडू नये, टांगलेल्या दोरीला मुंग्यांसाठी एरंडेल चोळावे, एप्रिल-मेच्या कोरड्या दिवसांत आठवड्यातून दोनदा टोपलीवर पाण्याचा हलका शिडकावा करावा. कोष शेताच्या बांधावरचा आहे म्हणून ठीक; राधानगरी-दाजीपूरच्या अभयारण्यातून असे काही उचलणे १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याखाली गुन्हा ठरते, हे मुलांना आवर्जून सांगावे. सर्वांत बरे म्हणजे मेअखेरीस ही टोपलीच गगनबावड्याला नेऊन त्याच ऐनावर बांधावी. नर निघाला तर झाकण उघडताच तो रात्रीतून निघून जाईल. मादी निघाली तर पहिल्या रात्री तिला त्याच टोपलीत फांदीवर राहू द्यावे. टोपलीची वीण नराला आत शिरता येईल इतकी सैल असावी. आसपास टसर असतील तर पहाटे टोपलीत दोन पतंग दिसतील.